रेकी न केलेलं घर

कमिशन मिळून एकवीस वर्षं झाली आणि तेवढ्यात चौदा सरकारी क्वार्टर पालथे घातले. भिंतीत खिळा ठोकायचा तरी एमईएसवाले काय म्हणतील हा विचार आधी. मुलीने एकदा विचारलं, "बाबा, आपलं घर नक्की कुठलं?" त्याच आठवड्यात मी डीएसओपी फंडाचा हिशोब घेऊन बसलो.

खडकवासल्याची तीन वर्षं संपवून आयएमएत आलो तेव्हापासून डेहराडून मनात होतं. घर मिळालं ते साठच्या दशकातलं. अंगणात लिचीची दोन झाडं, उतरतं पत्र्याचं छप्पर, खाली लाकडी सीलिंग. दोनदा पाहिलं, दोन्ही वेळा ऑक्टोबरात. कोरडं ऊन आणि भिंतींवर ताजं डिस्टेंपर. जवानांना जमीन वाचायला शिकवणारा मी, विकायचं घर आधी का रंगवतात एवढं मला कळलं नाही.

पहिला दणका कागदांचा. घर अजून मालकाच्या वडिलांच्याच नावावर होतं. दाखिल-खारिज, म्हणजे आपल्याकडचा फेरफार, झालेलाच नव्हता. भाऊ तीन, सौद्याला हजर दोन. तिसरा परदेशात. त्याचं मुखत्यारपत्र येईपर्यंत सात महिने टोकन अडकून पडलं आणि माझी बदली सिक्कीमला झाली. घरपट्टीची चौसष्ट हजारांची थकबाकीही तेव्हाच बाहेर आली. ती आम्हीच भरली, भांडायला वेळ कुणाला होता?

मग पावसाळा. मी वर पोस्टवर, बायको आणि मुलगी खाली त्या घरात. फोन लागला की आधी नेटवर्कला शिव्या, मग भिंतीची बातमी. जुन्या चुन्याच्या भिंतींवर कुणीतरी सिमेंटचा गिलावा चढवला होता. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडतं. रंग पापुद्र्यासारखा सुटला. वायरिंगला अर्थिंगच नाही, गीझरला हात लावला की झिणझिण्या. डेहराडूनचं पाणी चुनखडीतून येणारं, जड. लोखंडी पाइप आतून इतके भरलेले की वरच्या नळाला करंगळीएवढीही धार नाही. हे सगळं तिने एकटीने निस्तरलं. मी फक्त "बघ, काय ते कर" म्हणत होतो.

माझ्याबरोबर नोकरी केलेले एक गढवाली सुभेदार साहेब, इंजिनियर्सचे, सुट्टीवर असताना घर बघून आले. हातात स्क्रूड्रायव्हर आणि टॉर्च, बस्स. मला फोनवर म्हणाले, "साहब, चौखट साल की है, चलेगी. छत चीड़ की है, दीमक खा चुकी. पहले बुलाया होता." एका चहाच्या खर्चात कळलं असतं ते.

हिशोब मांडतोच, निवृत्तीला टेकलेल्या मित्रांसाठी. घर अठ्ठ्याहत्तर लाखांचं. छप्पर आणि सीलिंग पाच लाख वीस हजार, वायरिंग दोन लाख दहा, पाइप एक सत्तर, गिलावा काढून पुन्हा चुन्याचा करायला दोन लाख. त्यासाठी म्हातारा मिस्त्री शोधावा लागला, तरुणांना चुना कालवता येत नाही. घरपट्टी धरून पावणेबारा लाखांच्या आसपास. स्टँप ड्यूटी वेगळी. कर्ज देताना बँक यातलं काहीच मोजत नाही.

एक गोष्ट अजून बाकी आहे. मागच्या दाराच्या वर एक तिरपी भेग आहे, बघायला गेलो तेव्हा तिच्यापुढे कपाट होतं. हे घर १९९१ च्या उत्तरकाशीच्या आणि १९९९ च्या चमोलीच्या भूकंपातून उभं राहिलं, पण त्यात लिंटेलच्या पातळीवर काँक्रीटचा पट्टा नाही. तो घालायचा खर्च सध्या झेपत नाही. सुभेदार साहेबांनी भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवून दिली आहे. भेग सरकली तर काच तडकते. बायको दर महिन्याच्या एक तारखेला तिचा फोटो पाठवते.

परवाच्या फोटोत काच अखंड होती. शेजारच्या खोलीत मुलीने स्वतःच्या हाताने खिळा ठोकलाय. सहाव्या प्रयत्नात.