सरहद्दीवरचे कारकून

साम्राज्ये तलवारीच्या बळावर उभी राहतात, असे आम्हांला शाळेत शिकविण्यात आले. पुढे पदवी घेऊन आम्ही केंद्र सरकारच्या कचेरीत कारकून झालो, तेव्हा ती कशाच्या बळावर टिकतात हे आमच्या ध्यानात आले. हजेरीपट, रजेचे अर्ज, आवक-जावक आणि स्मरणपत्रे! आमच्या या मताला इतिहासाचा आधार मिळेल, अशी मात्र अपेक्षा नव्हती. तो मिळाला थेट रोमन साम्राज्याच्या उत्तर सरहद्दीवर, इंग्लंडातील नॉर्थंबरलंड परगण्यात.

सम्राट हेड्रियनच्या आज्ञेने इ. स. 122 मध्ये तेथे या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत सुमारे 117 किलोमीटर लांबीची भिंत घालण्यास आरंभ झाला. तिच्या किंचित दक्षिणेस विंडोलँडा नावाचे ठाणे आहे. हे ठाणे भिंतीहूनही जुने. 1973 साली तेथे उत्खनन करीत असता रॉबिन बर्ली यांना ओल्या मातीत लाकडाच्या पातळ ढलप्या सापडल्या. दोन ढलप्या एकमेकींना चिकटल्या होत्या. त्या विलग करताच आत शाईची अक्षरे दिसली आणि हवा लागताच ती अंधूक होत गेली. अवरक्त किरणांनी छायाचित्रे घेतली, तेव्हा ती पुन्हा उमटली. तेव्हापासून अशा दीड हजारांहून अधिक ढलप्या निघाल्या आहेत. अ‍ॅलन बोमन आणि डेव्हिड थॉमस या पंडितांनी त्यांतील पुष्कळशा मोठ्या चिकाटीने वाचल्या. चिखलाखाली हवा पोचली नाही, म्हणून लाकूड कुजले नाही. आणखी एक गंमत अशी की, इ. स. 105 च्या सुमारास तेथील पलटण हलली तेव्हा तिचे दप्तर जाळावयास काढले होते आणि पावसाने ती होळी विझविली, असा संशोधकांचा तर्क आहे. जे दप्तर नष्ट करावयाचे ठरले, तेच एकोणीसशे वर्षांनी हाती लागावे, यातले मर्म जुन्या फायली निकालात काढणाऱ्या आमच्या व्यवसायबंधूंना सांगावयास नको.

आता या दप्तरात काय आहे ते पाहा. एका 18 मे रोजी तयार झालेला तुंग्रियन पलटणीचा हजेरीपट आहे. एकूण असामी 752. पैकी 456 परगावी. हजर 296, त्यांपैकी 15 आजारी, 6 जखमी आणि 10 जणांचे डोळे आलेले. सहा शतपतींपैकी ठाण्यात हजर एकच! हा आकडा वाचून आम्हांला जे समाधान झाले, ते केवळ ऐतिहासिक स्वरूपाचे नव्हते. रजेचे अर्जही अनेक आहेत. आपणास रजेस पात्र मानण्याची कृपा व्हावी, ही त्यांतील विनवणी आमच्या चांगली परिचयाची आहे. मास्क्लुस नावाचा एक हाताखालचा अधिकारी उद्याचे हुकूम काय, असे वरिष्ठास अदबीने विचारतो आणि जाता जाता कळवितो की, शिपायांकडची बीअर संपली आहे, तरी पाठविण्याची आज्ञा व्हावी.

पण आमचे मन गुंतते ते खासगी पत्रांत. एकात कोणी तरी कोणाला तरी पायमोजे, वहाणांचे दोन जोड आणि दोन चड्ड्या पाठविल्याचे लिहिले आहे. पाठविणाऱ्याचे नाव उरलेले नाही. आम्ही गेली नऊ वर्षे शिलाँगला आहोत. येथील पावसात गावाकडून आलेले पार्सल सोडताना मेतकुटाच्या पुडीखाली लोकरीचे मोजे निघतात, तेव्हा त्या अनामिकाची ओळख आम्हांला पटते. सोलेम्निस नावाचा गृहस्थ आपल्या मित्राला लिहितो की, मी खुशाल आहे, तूही असशील, पण मेल्या, तुझे एकही पत्र नाही. मी मात्र तुला लिहितो आहे. आणि क्लॉडिया सेवेरा ही एका ठाणेदाराची पत्नी दुसऱ्या ठाणेदाराच्या पत्नीस, लेपिडिनास, 11 सप्टेंबरला आपल्या वाढदिवसासाठी बोलावते. आमंत्रण लेखनिकाच्या सुबक हातचे आहे. शेवटच्या दोन-चार ओळी मात्र तिने स्वतः, काहीशा वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिल्या आहेत: तुझी वाट पाहीन, बहिणी, जिवलगे. स्त्रीच्या हातचे याहून जुने लॅटिन अक्षर क्वचितच कोठे सापडले असेल.

हे लोक रोमचे नव्हते, हे येथे विसरता कामा नये. बटावियन ऱ्हाईनच्या मुखाकडचे, तुंग्रियन आजच्या बेल्जममधले. लॅटिन ही त्यांची कचेरीची भाषा. घरची भाषा या ढलप्यांवर जवळजवळ उतरलेलीच नाही. आणि नव्या मुलखाविषयी? एका टिपणात तेथील रहिवाशांना ब्रिटुंकुली म्हटले आहे. म्हणजे क्षुद्र ब्रिटन. दूरदेशी नेमणूक झालेल्या माणसाच्या जिभेवर असा शब्द फार लवकर येतो. परप्रांतातील आपल्या मराठी बैठकींतही चहाबरोबर असे शब्द फिरतात आणि मुले ते ऐकत असतात.

त्याच सरहद्दीच्या पूर्व टोकाला, साउथ शील्ड्स येथे 1878 साली एक थडग्याचा दगड सापडला. विंडोलँडाच्या पत्रांनंतरच्या काळातला हा दगड आहे. बरातेस नावाच्या माणसाने तो आपल्या पत्नीसाठी उभारला. बरातेस सीरियातील पाल्मायराचा, म्हणजे साम्राज्याच्या अगदी दुसऱ्या टोकाचा. पत्नी रेगिना ब्रिटनचीच, कातुवेलाउनी जमातीची. ती पूर्वी दासी होती. बरातेसने तिला मुक्त करून तिच्याशी लग्न केले. वयाच्या तिसाव्या वर्षी ती वारली. दगडावर ती खुर्चीत बसली आहे, एका बाजूस लोकरीच्या गुंड्यांची परडी. खाली लॅटिन मजकूर आहे, पण त्याचे व्याकरण लंगडे आहे. त्याखाली बरातेसच्या मायबोलीत, पाल्मायराच्या लिपीत, एकच ओळ आहे आणि ती मात्र सफाईने कोरलेली आहे. तीत वयाचा, जमातीचा उल्लेख नाही. एवढेच की रेगिना, बरातेसने मुक्त केलेली, हाय!

त्या गावात ती ओळ वाचू शकणारे कितीसे असतील? तरीही त्याने ती कोरविली. रीतीचे ते लॅटिनमध्ये सांगून झाले. हाय म्हणावयास मात्र त्याला आपली भाषा लागली. आणि ती त्याने म्हटली ती ज्या मुलखातल्या लोकांना कोणी क्षुद्र म्हणत होते, तेथल्याच मुलीसाठी. त्याची भाषा जिवंत राहिली ती आपली माणसे जमवून नव्हे, तर परक्या भूमीत जीव लावून.

आमची कन्या आठ वर्षांची आहे. शाळेत इंग्रजी, अंगणात खासी आणि हिंदी, घरात मराठी. आणि त्यातली मराठी दिवसेंदिवस पातळ होत चालली आहे. तिच्या अंगणातल्या खासीचा आम्हांला अभिमान वाटतो, मराठीची काळजी वाटते. दोन्ही भावना एकाच वेळी मनात बाळगण्यास बरातेसने आम्हांला शिकविले. हल्ली साताऱ्यास तिच्या आजीला फोनवर न भागविता महिन्यातून एक पत्र जाते. मजकूर आमचा असतो, कारकुनी वळणाचा. शेवटची ओळ ती लिहिते. ऱ्हस्व-दीर्घाची दाणादाण उडते, पण आम्ही ती दुरुस्त करीत नाही. आजी म्हणे चष्मा लावून आधी तेवढीच ओळ वाचते.