मसुराएवढा डाग

सकाळचे सहा. गॅसवर चहा ठेवून बाथरूममध्ये गेले आणि कपड्यावर मसुराएवढा तपकिरी डाग दिसला. सातवा आठवडा होता. बाहेर चहा उतू गेल्याचा वास आला, तरी मला उठवेना.

दिवस गेल्याचं घराबाहेर फक्त आईला ठाऊक होतं. तीन महिने होईपर्यंत बोलायचं नाही, ही आपली रीत. तिसऱ्या महिन्यातली ओटीसुद्धा ‘चोर ओटी’. लपवण्यामागे माया असते, पण गोड बातमीच सांगितलेली नसली की भीती तरी कुणाला सांगणार? ऑफिसला “पित्त झालंय” असं कळवून मी रिक्षात बसले.

वाटेभर स्वतःचीच उलटतपासणी. परवा बादली उचलली. लिफ्ट बंद म्हणून चार मजले चढले. मैत्रिणीच्या डब्यातल्या पपईच्या दोन फोडी खाल्ल्या. फोनवर आईचाही पहिला प्रश्न तोच, “अगं, काय उचललंस?”

डॉक्टरांनी यातलं काहीच विचारलं नाही. रंग लाल की तपकिरी? किती गेलं? पोटात एका बाजूला दुखतंय? चक्कर येते? रक्तगट कोणता? एका बाजूची कळ नळीत राहिलेल्या गर्भाची असू शकते, आणि ती जिवावर बेतते. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनचा विचार करावा लागतो. “पहिल्या तीन महिन्यांत साधारण चौघींतल्या एकीला असं काही दिसतं,” त्या म्हणाल्या, “आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त जणींचं पुढे नीट होतं.”

सोनोग्राफीच्या दारावर पाटी होती : येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. तसं लिहून देणाऱ्या फॉर्मवर सही करताना वाटलं, मुलगा की मुलगी हे विचारायचंय कुणाला? आहे की नाही, एवढंच सांगा.

पडद्यावर काहीतरी लुकलुकलं. ठोका होता.

ती माझी दुसरी खेप होती. त्याआधी दोन वर्षांपूर्वीही अस्साच, एवढाच डाग दिसला होता. तेव्हा आठवडाभर अंथरुणावरून उठले नव्हते, पपईकडे बघितलंही नव्हतं. तरी ते राहिलं नाही. असे सुरुवातीचे गर्भ बहुतेकदा गुणसूत्रांतल्या दोषामुळे पडतात आणि ते पडून राहिल्यानं थांबत नाही, हे मला फार उशिरा कळलं. तोवर जिन्याला, बादलीला आणि स्वतःला दोष देऊन झाला होता.

पडद्यावर लुकलुकलेली ती मुलगी आज तिसरीत आहे. बादली मी अजूनही उचलते.

डाग दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. रक्त वाढलं, कळ आली, खांदा दुखला किंवा चक्कर आली तर तासभरही थांबू नका. आणि घरच्यांनो, “काय उचललंस?” विचारण्याआधी रिक्षा बोलवा.