पुराचं पाणी वाया जातं का?

न्यू मेक्सिकोतल्या हीला नदीचा विचार मनातून जात नाही. १९२४ साली वनाधिकारी आल्डो लिओपोल्ड यांच्या आग्रहामुळे तिच्या उगमाकडचा प्रदेश अमेरिकेतलं पहिलं संरक्षित रानक्षेत्र ठरला. तरी न्यू मेक्सिकोत मोठ्या धरणाविना वाहणाऱ्या या नदीच्या पाण्यावरची नजर हटली नाही. २००४च्या केंद्रीय कायद्यानं हीला खोऱ्यातून वर्षाला सरासरी १४,००० एकर-फूट, म्हणजे सुमारे पावणेदोन कोटी घनमीटर पाणी उचलायची वाट खुली केली. समर्थक म्हणत, आम्ही फक्त पुराचं जादा पाणी घेऊ. पण वाळवंटी नदीत जादा काय असतं? काठावरच्या कॉटनवूड झाडांचं बी जेमतेम काही आठवडे जिवंत राहतं. पूर ओसरल्यावर उघड्या पडलेल्या ओल्या गाळातच ते रुजतं. पूर कापला, की उद्याचं झाड कापलं जातं.

शेतकऱ्याची तहान खोटी नाही, हे मला मान्य आहे. मात्र त्याच कायद्यातला निधी गळती रोखायला, पाणी वाचवायलाही वापरता येत होता. पाणी न उचलल्यास ते ॲरिझोनाला जाईल, ही भीतीही समजते. पण तिथे, फिनिक्सच्या परिसरात, हीलाचं पात्र बहुतेक काळ कोरडंच असतं. सगळं पाणी वापरल्यावर काय उरतं, ते तिथे दिसतं. २०२०मध्ये न्यू मेक्सिको राज्याच्या आयोगानं पाणी उचलण्याच्या योजनेच्या पर्यावरण-अभ्यासाचा खर्च थांबवला. मला हायसं वाटलं, निश्चिंत मात्र वाटत नाही. उष्मा वाढतो आहे, आणि तहानेला नवे युक्तिवाद सुचत राहतील.