निवड झाली, पण जागा नाही!

मित्रमैत्रिणींनो, निकालाच्या आदल्या रात्री तुम्हांला झोप लागते का हो? पोटात कसंतरीच होतं. एकदा वाटतं, पहिला नंबर नक्की! पुढच्याच मिनिटाला वाटतं, आपण नापासच होणार. तुमची ती एक रात्र असते. माझं असं तब्बल दीड वर्ष चाललं होतं. आणि तेही कशासाठी, तर बिनपगारी काम मिळावं म्हणून!

सांगते. मी शाळेत विज्ञान शिकवते. २००८ साली माझ्या वाचनात आलं, की इथिओपियात नव्या शिक्षकांना विज्ञान शिकवण्याच्या सोप्या पद्धती दाखवायला स्वयंसेवक हवे आहेत. राहायला खोली आणि जेवणखाणापुरते पैसे मिळणार, बाकी काही नाही.

इथिओपिया हा आफ्रिकेच्या पूर्व भागातला देश. मोठा गमतीचा! तिथलं वर्ष तेरा महिन्यांचं. तीस-तीस दिवसांचे बारा महिने आणि पाच-सहा दिवसांचा छोटुकला तेरावा. त्यांचं कॅलेंडर आपल्या सात-आठ वर्षं मागे चालतं, म्हणून २००७ च्या सप्टेंबरात तिथे २००० साल उजाडलं होतं. घड्याळही वेगळं. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक! असा देश पाहायला कोणाला आवडणार नाही?

मी हुरूपाने अर्ज भरायला बसले. नाव, शिक्षण, अनुभव, सगळं भराभर लिहिलं. शेवटी एक प्रश्न होता, ‘तुम्हांला का जायचं आहे?’ तिथे पेन अडलं. तेवढ्यात आईनेही तेच विचारलं, “अगं, इथल्या मुलांना शिक्षक नकोत का? एवढ्या लांब कशाला?”

प्रश्न खरा होता. चार दिवस मी त्याच विचारात होते. इथे गरज आहेच आणि माझ्या शाळेत मी माझा वाटा उचलत होते. पण मूठभर साहित्यात प्रयोग करून दाखवण्याची जी युक्ती आपल्याकडे जमली आहे, ती दुसऱ्यांनाही द्यावी असं वाटत होतं. आणि अगदी खरं सांगायचं, तर मला जगही पाहायचं होतं. अर्जात मी या दोन्ही गोष्टी लिहिल्या.

तीन महिन्यांनी दिल्लीहून बोलावणं आलं. मी तर हवेतच! तिथे आम्हां आठ अनोळखी माणसांना वर्तमानपत्रं आणि सुतळी दिली आणि सांगितलं, “वीस मिनिटांत पूल बांधा.” नंतर कळलं, की परीक्षक पुलाकडे बघतच नव्हते. कोण दुसऱ्याचं ऐकून घेतं, हे ते बघत होते. मुलाखतीत एका बाईंनी विचारलं, “तिथल्या शिक्षकांना तुमची पद्धत आवडलीच नाही, तर काय कराल?” मी म्हटलं, “आधी त्यांच्या वर्गात मागे बसून त्यांची पद्धत बघीन.” त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. चेहऱ्यावरून मात्र काही म्हणजे काही कळेना! परतीच्या गाडीत ते एकच उत्तर मी शंभर वेळा मनात घोळवलं.

महिन्याभराने पत्र आलं. निवड झाली! घरी पेढे वाटले. मग पत्राच्या खालच्या ओळी वाचल्या. ‘तुमच्यासाठी योग्य जागा निघाली की कळवू.’ म्हणजे निवड झाली, पण जागा नाही! मग काय, रोज वाट पाहणं. भाजी आणायला गेलं तरी कोणीतरी विचारायचंच, “काय बाई, अजून गेला नाहीत?”

त्या दिवसांत मला धीर दिला एका अमेरिकन आजीबाईंनी. त्यांचं नाव लिलियन कार्टर. पेशाने परिचारिका. ‘पीस कोअर’ ही परदेशी स्वयंसेवक पाठवणारी अमेरिकन सरकारी संस्था १९६१ साली सुरू झाली. तिची जाहिरात टीव्हीवर पाहून लिलियनबाईंनी अर्ज केला, तोही सत्तरीला टेकल्यावर! त्यांच्याही तपासण्या झाल्या, तीन महिने प्रशिक्षण झालं. आणि १९६६ च्या अखेरीला, वयाच्या ६८ व्या वर्षी, त्या आल्या कुठे, सांगा पाहू? आपल्या मुंबईत, विक्रोळीला! तिथल्या गोदरेज वसाहतीत आधी कुटुंबनियोजनाचं काम आणि मग दवाखान्यात रुग्णांची सेवा, असे जवळजवळ दोन वर्षं त्या राबल्या. घरची आठवण त्यांना फार छळायची, असं त्यांच्या पत्रांतून दिसतं. ती पत्रं १९७७ साली पुस्तकरूपाने निघाली. त्याच वर्षी त्यांचा मुलगा जिमी कार्टर अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. मी मनाशी म्हटलं, अडुसष्टाव्या वर्षी आजीबाई निघतात, तर तू काही महिन्यांत काय थकतेस?

अखेर जून २००९ मध्ये जागा निघाली. एका अध्यापक विद्यालयात! मग धावपळ सुरू. शाळेकडून बिनपगारी रजा, पोलिसांचा दाखला, डॉक्टरांची तपासणी, पीतज्वराची लस. ही लस निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते. तिचं प्रमाणपत्र जवळ नसेल, तर परतल्यावर सहा दिवस वेगळं ठेवतात, बरं का! पिवळी पुस्तिका हाती आली आणि मी बॅग भरायला काढली.

आणि दुसरं पत्र आलं. ‘त्या विद्यालयाला तिथलाच शिक्षक मिळाला आहे. तुमची जागा रद्द.’

मी बॅग माळ्यावर टाकली आणि खूप रडले. बाबा पत्र वाचून म्हणाले, “मग चांगलंच झालं की!” मला इतका राग आला, की दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांच्या बोलण्यातलं खरं मला दिसलं. त्या विद्यालयाला शिक्षक हवा होता, तो मिळाला. तोही त्यांची भाषा बोलणारा, दोन वर्षांनी निघून न जाणारा. मी जाऊन जे करायचं, ते माझ्या आधीच झालं होतं! जायची ओढ माझी होती. गरज मात्र त्यांची होती. ती गरज माझ्याशिवाय भागली, तर मी रडायचं कशाला? वाईट वाटायचं थांबलं असं नाही, पण रडू मात्र थांबलं.

जानेवारी २०१० मध्ये दुसऱ्या गावची जागा निघाली आणि पुढच्या महिन्यात मी खरंच विमानात बसले. तिथल्या बाजारात एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला थांबवलं. मी भारतीय आहे हे ऐकून ते खुलले. म्हणाले, “मला लहानपणी गणित शिकवायला भारतीय गुरुजी होते!” सम्राट हैले सेलासी यांच्या काळात आपल्याकडचे पुष्कळ शिक्षक तिथे शिकवायला गेले होते. म्हणजे माझ्या कितीतरी आधी कोणीकोणी असेच अर्ज भरले होते, अशीच वाट पाहिली होती!

दोस्तांनो, उद्या तुम्हीही अर्ज कराल. शिष्यवृत्तीसाठी, शिबिरासाठी, कदाचित परदेशी सेवेसाठीही. कॉलेजात गेलात, की राष्ट्रीय सेवा योजनेपासून सुरुवात करता येईल. होकार आला, तर उड्या मारा. नकार आला, तर खुशाल रडा. पण वाट पाहण्याच्या दिवसांत हातातलं काम सोडू नका. त्या दीड वर्षात मी माझ्या वर्गात फुगे, बाटल्या आणि मेणबत्त्या घेऊन चाळीस नवे प्रयोग बसवले. इथिओपियात तेच उपयोगी पडले. आणि जाणं झालं नसतं, तरी माझ्या वर्गातल्या मुलांनी ते पाहिलेच होते की!