काय घेणार, साहेब?

अठरा वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसून मी एकच गोष्ट शिकलो. माणूस खऱ्या अर्थानं स्वतंत्र असतो तो फक्त हॉटेलात. घरी काय शिजायचं ते सौ. ठरवते, बँकेत काय शिजतंय ते मॅनेजरलाच ठाऊक. "काय घेणार, साहेब?" असं मला विचारणारा सबंध दिवसात एकच इसम भेटतो, तो म्हणजे समोरच्या उडप्याकडचा वेटर. त्यानं एका दमात यादी म्हटली की मी पाच मिनिटं गंभीर विचार करतो आणि साधा डोसा मागवतो. रोज तोच. पण मागवतो मी!

आमच्या आजोबांना हे स्वातंत्र्य नामंजूर होतं. हॉटेलात जाणं म्हणजे घरी चूल पेटत नसल्याची जाहिरात, असं त्यांचं मत. त्यामुळे वडील मिसळ खायला चार गल्ल्या सोडून जात. एकदा तिथं मागच्या टेबलावर पाहतात तो साक्षात आजोबा! पुढ्यात कांदाभजी. दोघांनीही ओळख दाखवली नाही.

तसा आजोबांचाही दोष नाही. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये टिळक-रानड्यांसारख्यांपुढे चहा आला, तर केवढं रामायण झालं! प्रकरण थेट शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली.

हे सगळं परवा डोसा खाता खाता मी आमच्या रोखपालाला रंगवून सांगितलं. तो पोटभर हसला. मग म्हणाला, "तुझे आजोबा चोरून का होईना, आत बसले. माझे बाहेर उभे राहायचे. गावच्या हॉटेलात त्यांची कपबशी निराळी, बाहेर कोनाड्यात. चहा वरून ओतायचे, कप आपला आपण धुवायचा. पैसे मात्र सगळ्यांएवढेच."

माझा घास घशातच राहिला.

आम्ही कॉमर्सवाले, घटनेशी आमचा संबंध सव्वीस जानेवारीच्या सुट्टीपुरता. त्या रात्री मात्र मुलीच्या कपाटातून घटनेचं पुस्तक काढलं. कलम १५ : केवळ धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं इथं कुणालाही मज्जाव करता येणार नाही. एवढ्या जाडजूड ग्रंथात चक्क हॉटेल! एरवी मला हसू आलं असतं. १९५० साली ही घटना अमलात आली. पण गावोगावच्या त्या कोनाड्यांना ती वाचायला बरीच वर्षं लागली.

दुसऱ्या दिवशी वेटरनं सवयीनं मला विचारलं, "काय घेणार, साहेब?"

"आधी यांना विचार."

रोखपालानं पाच मिनिटं गंभीर विचार केला आणि साधा डोसा मागवला. बिल आलं ते त्यानं शांतपणे माझ्याकडे सरकवलं.

"जुनं येणं आहे," तो म्हणाला, "जा, व्याज सोडलं."