ओढगस्तीचा स्वयंपाक

पैशांची ओढ लागली की घरातला हात पहिल्यांदा आखडतो तो तेलावर. मला हे कधीच पटलं नाही. चौघांच्या आमटीच्या फोडणीला चहाचे दोन चमचे तेल पुरतं. त्यातलं अर्धं राखलं तर महिन्याच्या हिशेबात कितीसं उरणार? मोहरी मात्र तडतडत नाही, हिंगाचा कच्चा वास राहतो आणि मुलं आमटीची वाटी बाजूला सारतात. तेल कमी लावायचंच असेल तर फोडणी पसरट कढईत न करता लोखंडी पळीत करावी. कढईत तेवढं तेल नुसतं तळाला फासलं जातं; पळीत त्यातच मोहरी बुडते, आणि चुरचुरती पळी आमटीत बुडवली की थेंबही वाया जात नाही.

नवऱ्याचा पगार अडकला होता त्या वर्षी मी वाण्याची यादी समोर घेऊन बसले, तेव्हा लक्षात आलं की खर्च होतो तो डाळ, भाजी आणि दुधावर. धान्याचं तसं नाही. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यानं रेशनवर माणशी पाच किलो धान्य ठरलं, तांदूळ तीन रुपयांनी आणि गहू दोन रुपयांनी. जानेवारी २०२३पासून तर ते फुकटच मिळतं. पोटाला त्याचा मोठा आधार आहे. पण त्या पाच किलोंत डाळ नाही. म्हणून ओढाताणीच्या घरात भाताचा ढीग वाढत जातो आणि वरण पातळ होत होत पिवळ्या पाण्यावर येतं. शंभर ग्रॅम डाळीत वीस-बावीस ग्रॅम प्रथिनं असतात. पाणी कितीही ओतलं तरी तेवढीच.

तेव्हा डाळ पातळ करण्यापेक्षा मी ती बदलते. तूर भडकली की अर्धी तूर, अर्धी मसूर. एक दिवस हुलग्याचं पिठलं, एक दिवस वरणफळं, म्हणजे कणकेच्या शंकरपाळ्या वरणातच शिजवायच्या. वेगळ्या पोळ्या नकोत, भात नको, एका पातेल्यात सगळ्यांचं जेवण. मटकी सकाळी भिजत घालून रात्री ओल्या फडक्यात गच्च बांधली की दुसऱ्या दिवशी वाटीची दुपटीहून जास्त होते. ती फुगते पाण्यानं, हे मला ठाऊक आहे. पण भरलेली वाटी समोर आली की पोरं कुरकुरत नाहीत, आणि ओढगस्तीत तेही लागतं. भिजलेलं कडधान्य लवकर शिजतं, तेवढा गॅस वाचतो. कुकरची शिट्टी झाल्यावरही आच मोठी ठेवणाऱ्या बायका पाहिल्या की मला राहवत नाही. त्या जास्तीच्या आचेनं आत काही लवकर शिजत नाही, नुसती वाफ बाहेर जाते.

‘भाकरी खा, स्वस्तात भागेल’ असं सांगणारे अलीकडे दुकानात गेलेले नसावेत. पुण्यात चांगली मालदांडी ज्वारी आता गव्हापेक्षा महाग पडते. दळलेलं पीठ आणावं तर ते बहुधा जुनं असतं, विरी गेलेलं. थापताना कडा फाटतात आणि नवखी बाई भाकरीचा नाद सोडते. अशा पिठाची उकड काढावी. आधणाच्या पाण्यात पीठ घालून जरा झाकून ठेवावं आणि हाताला सोसेल इतकं गरम असतानाच मळावं. भाकरी मऊसूत होते आणि टम्म फुगतेही.

टोमॅटो २०२३च्या पावसाळ्यात शंभरीपार गेला तेव्हा लोक हवालदिल झाले. आमच्याकडे चिंच होती, आमसुलं होती. टोमॅटो नसताना आंबट आमट्या होतच होत्या की.

हे सगळं मला शिकवलं सासूबाईंनी. त्यांनी बहात्तरचा दुष्काळ काढला आहे. परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकऱ्या त्यांनी थापल्या, कामावर मिळणारी सुकडी पदरात बांधून पोरांसाठी घरी आणली. दोडक्याच्या शिरा खरवडून, थोड्या तेलात कुरकुरीत होईतो परतून, दाण्याचं कूट आणि तिखट-मीठ घातलेली त्यांची चटणी दोडक्याच्या भाजीच्या आधी संपते. मुळ्याच्या पाल्यात त्या मूठभर हरभऱ्याची डाळ घालतात. फ्लॉवरचा कोवळा दांडा फेकला तर अजून कचऱ्यातून उचलून आणतात. शेजारणी म्हणतात, कोंड्याचा मांडा करणारी बाई.

मला हे कौतुक टोचतं, कारण हा मांडा कुणाच्या पोटाला चिमटा काढून झाला ते मी पाहिलेलं आहे. सगळ्यांचं झाल्यावर त्या बसत. तोवर आमटीच्या तळाला चार डाळी उरलेल्या असत आणि टोपलीत एखादी चतकोर. विचारलं तर म्हणत, ‘मला आज भूकच नाही गं.’ घराचा हिशेब जुळला असं सगळे म्हणायचे, पण तो जुळायचा त्यांच्या ताटात. आणि त्या आजारी पडेपर्यंत ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

तेव्हापासून माझ्या स्वयंपाकघरात पंगतीनं वाढणं बंद झालं. कुणीही बसायच्या आधी ओट्यावर सगळी ताटं मांडायची, माझं आणि त्यांचं धरून, आणि प्रत्येकात आमटी एकाच डावानं मोजून घालायची. डाव तळापासून ढवळून भरायचा, वरवरचा नाही. कमी पडलं तर सगळ्यांनाच थोडं थोडं कमी पडतं, आणि मग उद्या डाळ किती भिजवायची ते मला नीट कळतं. नवऱ्याला हे खाणावळीसारखं वाटलं. वाटू दे.

सासूबाईंची तक्रार निराळीच आहे. आधी वाढून ठेवलेली भाकरी वातड होते, आणि गार भाकरी त्यांच्या दातांना चावत नाही. म्हणून आमटी-भाजी सगळ्यांबरोबर वाढते. त्यांच्या वाटणीचा उंडा मात्र परातीत बाजूला ठेवते आणि त्या पाटावर टेकल्या की तव्यावर टाकते.