किनाऱ्यावरचे वाटसरू

कार्तिकात गुहागरला गेलो की मी सकाळीच सुरूच्या बनापाशी जाऊन बसतो. पाऊस सरलेला असतो, भातकापणी आटोपत आलेली असते आणि सकाळचा वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असतो. त्याच वाऱ्याच्या आधाराने समुद्र ओलांडणारे काही वाटसरू या दिवसांत कोकणावरून जातात. माझी बैठक असते ती त्यांच्यासाठी.

गेल्या खेपेस नातू बरोबर होता. दोन दिवस घारी दिसल्या, काकण म्हणजे समुद्री गरुडही दिसला. पण ते येथलेच रहिवासी. तिसऱ्या दिवशी शेताकडच्या विजेच्या तारेवर सात पक्षी ओळीने बसलेले आढळले. पारव्याहून लहान, पाटीसारखा करडा रंग, तांबडे पाय, विटकरी मांड्या. अमूर ससाणेच ते! एकाने झेप घेऊन उडता चतुर नखांत पकडला आणि उडता उडताच खाल्ला.

"आजोबा, एवढेसे पक्षी समुद्र कसा ओलांडणार?"

मी त्याला सांगितले, की मोठे गरुड तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेवर तरंगत जातात. समुद्रावर तशी हवा सहसा मिळत नाही. म्हणून ते पाण्याला वळसा घालतात. ससाण्याचे पंख निमुळते. तो ते सतत मारीत राहतो आणि पाठीशी ईशान्येचा वारा असतो. जेमतेम दीडशे ग्रॅमचा हा जीव सैबेरिया व उत्तर चीनमधून निघतो, ईशान्य भारतात वाळवीवर पोट भरतो आणि आफ्रिकेच्या दक्षिण भागात हिवाळा काढतो.

एवढे सांगून झाले, तरी एक गोष्ट मनात अडकलीच होती. अखेर तीही सांगितली. त्याच्याच वयाचा असताना मी बेचकीने तारेवरचा असाच एक लहान ससाणा पाडला होता. मित्रांनी टाळ्या वाजविल्या. ओंजळीतली त्याची ऊब निवेपर्यंत मात्र मला तेथून हलवले नाही.

नातू म्हणाला, "तुम्हाला कोणी ओरडलं नाही?"

"नाही. ओरडलं असतं तर बरं झालं असतं."

मग त्याला नागालँडची हकीकत सांगितली. २०१२ साली तेथील दोयांग जलाशयाकाठी हे ससाणे जाळी लावून हजारोंनी मारले गेले. त्या लोकांपुढे पोटाचा प्रश्न होता. माझा नुसता खेळ होता. तरीही पुढच्याच वर्षी पांगती व आसपासच्या गावांनी शिकार थांबविली आणि तेच लोक राखण करू लागले. त्या वर्षी शास्त्रज्ञांनी तीन पक्ष्यांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली छोटी यंत्रे बसविली. एकाचे नाव त्या गावावरून 'पांगती' ठेवले. मारणारा हात राखणारा होऊ शकतो, हे मी त्या गावाकडून शिकलो.

दुसऱ्या दिवशी तार मोकळी होती. नातवाने बराच वेळ समुद्राकडे पाहिले आणि वहीत लिहिले : "सात आले. सात गेले."